स्टार्टरच्या डब्यातलं मोहोळ

२ नोव्हेंबर
तुरीले फूल आलं. सातेरी मधमाश्या सकाळपासून नुसत्या धावून राह्यल्या. त्यायच्या पेटीजवळ बसून चहा घेतला. लय बरं वाटलं.

५ नोव्हें.
पोळ्यात मेणकिडा! सारं मेण पोखरून राह्यला. एवढं एकच मोहोळ, बांधावरच्या निंबातून आणलेलं. पुढच्या पेट्या याच्यातूनच करायच्या. माहा धनजचा भाऊ, दादा, फोनवर : "अवं, औषध टाक न! रिकामी पेटी घेऊन रडशीन."
नाई टाकत. इथल्या माशीनं इथल्या किड्याशी सोताच भिडलं पाह्यजे.

७ नोव्हें.
किडकं पोळं कापलं. दुपारी पुन्हा उघडून झाडलं. संध्याकाळी पुन्हा. हे म्हणे, "बाळंतिणीच्या खोलीतबी कोणी एवढं डोकावत नाई." चूप बसा म्हटलं.

१० नोव्हें.
पेटी रिकामी. एक माशी नाई. औषध नाई टाकलं, पण बोटं टाकली न सारखी! मीच हाकललं त्यायले. लय रडली. पिठल्यात मीठ विसरली, यांनी गुमान खाल्लं.

११ नोव्हें.
हरभऱ्याले पाणी द्यायले हे विहिरीवर गेले. मोटारीच्या स्टार्टरचा डबा उघडला अन् बोंबलत पळत आले. नाकावर डसली. डब्यात सारं मोहोळ! आपलंच, दुसऱ्या कोणाचं असन? मी तर नाचलीच. हे नाक धरून, "मले माशी चावली अन् तू हासून राह्यली?"

१२ नोव्हें.
दादा म्हणे, धरून पेटीत घाल. आता हात लावत नाई, बाप्पा. पण हरभरा सुकून राह्यला. मोटार लावली की डबा गुरगुरते. त्या उठून गेल्या तर? यांनी आज मोटार लावलीच नाई. मी सांगितलंबी नव्हतं.

१५ नोव्हें.
माश्या पायाले पिवळा पराग लावून डब्यात शिरून राह्यल्या. पराग पिल्लायच्याच खाण्याले लागते, म्हणजे आत पिल्लं धरली! किडा आहे का नाई, देव जाणे. झाकण उघडाची लय हुक्की आली. नाई उघडलं.
हरभरा आता थांबत नाई. दुपारी लाइन आली. यांनी तोंडाले उपरणं बांधलं, लांब तुराटीनं बटण दाबलं. गुर्रर्र. माश्यायचा लोंढा बाहेर. डब्याभोवती फिरल्या, फिरल्या... थोड्या आत गेल्या. बाकीच्या डब्यावरच बसल्या.
आमी दोघं बांधावर. पाणी शेवटच्या सरीत पोचलं तरी आमच्यातलं कोणी उठत नाई. हे हळूच म्हणे, "मोटार बंद करू का? का तेनंबी माश्या उठतीन?"