भिंगाचं फडकं

प्रिय धाकटीस, ताईचे भरभरून आशीर्वाद.

आठवतं? सकाळी दीपगृहाचं भिंग पुसायला निघाले की बाबा मऊ फडकं तुझ्या हातात द्यायचे आणि बादली माझ्या. "धाकटीचा हात हलका आहे. ही दिवटी ओरखडे काढेल!" म्हणायचे. तू खुदकन हसायचीस. साठी उलटली, तरी ते हसू मला अजून डाचतं.

मी इथे मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, एवढंच. खिडकीतून इथलं दीपगृह दिसतं, पण ते पुसायला कुणी चढत नाही. आई नीट जेवते ना? बाबा गेले तेव्हाही उशाशी तूच होतीस. त्याचाही हेवा वाटतो गं.

त्यांचं सामान वाटताना कंदील तू ठेव, दुर्बीण दादाला दे. फडकं मात्र मला पाठव. धुऊ नकोस.

तुझीच,
ताई