दाजींच्या गाडीला स्टिकर मिळालं, त्याची हकीकत

पिट्सबर्ग,
गुरुवार, २६ जून

तीर्थस्वरूप डोलोरेसताईस,

धाकट्या लेनीचा वाकून नमस्कार (वाकून अशासाठी की कालपासून पाठ सरळच होत नाही, कारण पुढे येईल). तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाची कोरडी हवा त्याला मानवेल असं डॉक्टर म्हणाला होता, पण डॉक्टरला गुडघ्यापेक्षा तुझी कटकट इथून हलवायची घाई असावी, असं आमच्या हिचं, म्हणजे मार्लीनचं, मत आहे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे माणसं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला पहिलं वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या हकीकतीला वाक्यं पुष्कळ लागतात.

तू एकच गोष्ट मागितलीस: पाच जुलैला टेसा लग्नाला चर्चमध्ये जाईल ती तिच्या आजोबांच्या गाडीतून. गस दाजी गेल्यावर घर आवरताना गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवून तू नुसतं ‘सांभाळ’ म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, गाडीच तर आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, नाव घेतलं की रुसते. नवी होती तेव्हा नव्वद हजार डॉलरची, आज कोणी चार हजारही देणार नाही. पण टेकडीखालच्या गॅरेजचा बोग्दान (युक्रेनचा आहे, खरं बोलतो, त्यामुळे गिऱ्हाईक बेताचंच) म्हणतो, “लेनीशेठ, गाडी म्हातारी झाली की स्वस्त होते. तिचे पार्ट नव्वद हजारांच्या गाडीचेच राहतात.”

पहिली तक्रार बसण्याची. या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. धावताना लोण्यासारखी जाते, पण संध्याकाळी उभी केलेली गाडी सकाळी उजव्या अंगावर बसलेली सापडते. शेजारच्या पॅव्लिकबाई रोज कठड्यावरून विचारतात, “आज उठणार का बाईसाहेब, की कॉफी जागेवरच द्यायची?” एक पिशवी बदलली, अकराशे डॉलर. तीन आठवड्यांत दुसरीने मान टाकली. मग जळक्या तेलाचा वास यायला लागला. इंजिनावरच्या झाकणाखालची रबरी पट्टी वाळली होती. पट्टी चाळीस डॉलरची, पण तिथवर हात पोचायला अर्धं इंजिन उतरवावं लागतं, त्याची मजुरी चौदाशे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. एवढं करूनही डॅशबोर्डावरचा इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा पेटला तो पेटलाच, आणि काचेवरच्या तपासणीच्या स्टिकरची मुदत संपते तीस जूनला. दिवा पेटलेल्या गाडीला स्टिकर मिळत नाही, आणि बिनस्टिकरची गाडी आपल्या टेकडीवरून खाली गेली की वळणावरचा पोलीस वाटच बघत असतो. नवरी गाडीत आणि पोलीस खिडकीत, हे चित्र मला चार दिवस डोळ्यांसमोर दिसत होतं.

म्हणून मंगळवारी मी अक्कल चालवली. बॅटरीची वायर काढली, अर्ध्या तासाने लावली. दिवा गेला. शीळ घालत तपासणीला गेलो, तर तिथलं यंत्र म्हणे गाडी परीक्षेला तयारच नाही. बॅटरी काढल्यामुळे गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरला होता. बोग्दानने कपाळाला हात लावला. म्हणाला, “परीक्षेच्या आदल्या दिवशी पोराच्या वह्या तूच जाळल्यास, आणि आता मास्तरला म्हणतोस तपास.” आता निदान शंभर मैल हायवेवरून एका वेगाने चालवायची, म्हणजे तिला तिचं सगळं आठवेल. पण तेवढ्यात दिवा पेटता कामा नये. त्या विसराळूपणात ड्रायव्हरची सीटही आली. ती पार पुढे सरकली आणि मागे जायचं काही केल्या आठवेना. काल सकाळी मी स्टिअरिंग पोटात रुतवून निघालो (पाठीचं कारण हे). मार्लीन शेजारी बसली, एक डोळा दिव्यावर, एक माझ्यावर.

ओहायोच्या हद्दीपर्यंत गेलो आणि वळलो. दोघांपैकी कोणी बोललं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच. ब्याण्णव मैल झाले, दिवा शांत. मग शहरात शिरायचा तो बोगदा आला, जिथे आपल्या गावचा प्रत्येक माणूस विनाकारण ब्रेक मारतो. सगळं ठप्प. आणि गरमीचा काटा चढायला लागला. पाण्याची प्लास्टिकची नळी कुठेतरी तडकली होती. अशा वेळी हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनाची धग आत येते, हे बोग्दानने शिकवलं होतं. बाहेर जून, आत भट्टी. मार्लीनचं काजळ हनुवटीला आलं. ती म्हणाली, “लेनी, तुझ्या दाजींनी तुला गाडी दिली नाही. सूड उगवला.” मला रडूच येत होतं, ताई. गाडीची काळजी नव्हती. काटा आणखी एक रेघ वर गेला तर तुला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. मग पुढचा ट्रक हलला, आणि आम्ही बाहेर पडलो.

आज सकाळी तपासणी झाली. गाडी पास. स्टिकर काचेवर आहे, सरळ लावलंय. तेव्हा निश्चिंत मनाने विमानात बस. घरात सगळ्यांना आशीर्वाद, तुला मार्लीनकडून नमस्कार (ती अंघोळ करते आहे, कालपासून तिसरी).

तुझा,
लेनी

ता. क. ती नळी परदेशातून यायला तीन आठवडे लागतील. तोवर इंजिन अकरा मिनिटं चालतं, पुढे बोग्दान जबाबदार नाही. घरापासून चर्च नऊ मिनिटं. म्हणून एकच विनंती: मी किल्ली फिरवीन तेव्हा टेसा सीटवर असली पाहिजे, दारात झगा सावरत नव्हे. आपल्या घरात आजवर कोणी वेळेवर बाहेर पडलेलं नाही, म्हणून हे काम तुझ्यावर सोपवतो.

आणखी ता. क. हे तुझ्यापाशीच ठेव. सोमवारी, मी बॅटरीला हात लावायच्या आधी, टेसाचा फोन आला होता. म्हणाली, मामाआजोबा, जिवाला घोर लावून घेऊ नका, मैत्रिणीची नवी गाडी मिळतेय, आजीला मी समजावते. मी म्हणालो, छे गं, आपली गाडी अगदी मजेत आहे. तुझी नात दुसऱ्याच्या गाडीतून उतरली असती तर तू एक शब्द बोलली नसतीस, ताई, आणि तुझं ते गप्प बसणं मला झेपलं नसतं. मार्लीनला मात्र या फोनचं कळू देऊ नकोस. बोगद्यात ती माझ्याबरोबर होती.