तिप्पट आणि वर चार बोटं

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही म्हणून दुसऱ्यात तू "जिवंत आहेस ना?" एवढंच विचारलंस. आहे. आत्याही बरी आहे, गुडघे सोडले तर. मागच्या खोलीचं छत गळायचं थांबलं. काजं करणाऱ्या काकू आजी झाल्या आणि तेव्हापासून दिवसभर तेच पुराण लावतात. झालं, बातम्या संपल्या.

तू विचारलेलं सोडून बाकी सगळं लिहिलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

सध्या आम्ही एका पाळणाघरासाठी बारा गोल गोधड्या शिवतोय, मुलांना जमिनीवर बसायला. साठ इंच व्यासाच्या. आपण लहान असताना आत्या स्टुलांच्या गाद्या करायची, आठवतं? वीस इंचांचा गोल, आणि कडेच्या पट्टीसाठी तिचं ठरलेलं माप: "तिप्पट, आणि वर चार बोटं." आपण तिच्यामागे हात नाचवत तेच म्हणायचो आणि धपाटे खायचो. त्या गाद्यांना चार बोटं बरोबर पुरायची. मग गोल मोठे होत गेले, आत्याची बोटं चारच राहिली. साठ इंचांना तिच्या मापाने पट्टी कापली तर चांगली साडेपाच इंच कमी पडते.

मी गेली चार वर्षं मोठे गोल बावीस सप्तमांशाने कापते. तूच कान पिळून शिकवलेलं. कपट्यावर गुणाकार करायचा, कपटा चुरगळून ब्लाउजमध्ये कोंबायचा आणि कात्री चालवायची. टोकाला टोक मिळालं की आत्या कडेवरून हात फिरवते आणि सगळ्यांना ऐकवते की तिची चार बोटं कधी दगा देत नाहीत. मी मान डोलावते.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते. आत्याला टेपवरचे आकडे दिसत नाहीत. दोन वर्षं होतील. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ. तिने मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही, ताईला तर नाहीच. मोडली आज. सुई मी ओवून देते, रंग मी सांगते, आणि ती शिवणाऱ्या बायकांना म्हणते, छोटीला सवय लागावी म्हणून करून घेते. माझं स्टूल तिच्या उजव्या हाताला, भिंतीच्या कोपऱ्यात. पुढे मशीन, मागे कापडाचे तागे. उठले की हाक. संडासात गेले तरी हाक. बसस्टॉपच्या पलीकडे मी शेवटची कधी गेले, मलाच आठवत नाही.

अशात तुझं पत्र आलं. तुझ्या शिवणशाळेत कापणी शिकवायची जागा, पंचवीस तारखेला हजर व्हायचं. खरं सांगू? मी तुझ्यावरच भडकले. तू आपली निघून गेलीस, आता मला बोलवायला तुझं काय जातं! त्याच रागात मी सातव्या गोधडीची पट्टी आत्याच्या मापाने कापली. तिप्पट आणि चार बोटं. मुद्दाम. वाटलं, माझं तोंड न उघडता काय ते एकदाचं बाहेर पडू दे.

पडलं. काकू मोठ्यांदा म्हणाल्या की पट्टी आखूड आलीय. चारही मशिनं थांबली. आत्याने चाचपत ती फट शोधली. तिच्यात चार बोटं आडवी ठेवून पाहिली. बोटं बसली आणि वर जागा उरली.

"मीच कापली," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं."

पट्टी मी कापताना सगळ्यांनी पाहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायका जेवायला गेल्यावर तिने विचारलं, इतके दिवस किती घेत होतीस? मी सांगितलं. मग मला का नाही बोललीस? मी म्हटलं, तुला वाईट वाटलं असतं म्हणून.

खोटं, ताई. कपटा मी आत्यापासून लपवत नव्हते, गेली दोन वर्षं तर तिला तो दिसणारच नव्हता. लपवत होते काकूंपासून. त्यांना दोन दिवसांत जमलं असतं. आणि मग माझ्यावाचून कुणाचं अडलं नसतं. आत्याने मला अडकवून ठेवलंय, असं तुला चार वर्षं लिहितेय. कडी तिने लावली असेल, पण आतून दार मीही धरून बसले होते.

काल मी तिच्यापुढे बसले. बावीस सप्तमांश तिच्या काय कामाचे? गोलाच्या रुंदीएवढी एक फीत तिच्या हातात दिली आणि म्हटलं, दुमड. पुन्हा दुमड. पुन्हा एकदा. उरली ती आठवा हिस्सा. तिप्पट, आणि वर ही घडी. खऱ्या मापाला इंचभर कमी पडते, पण पट्टी तिरपी कापलेली असते, ओढली की तेवढी देते. तुझ्या वहीत हे चूक ठरेल. गोधडीवर बसतं.

दोन पट्ट्या बिघडल्या. तिसरी तिने एकटीने मापली, लावली, आणि टोकाला टोक आलं. तिने कडेवरून दोनदा हात फिरवला. मला वाटलं, आता बोटांचं कौतुक सुरू होईल.

"आता तुला जाता येईल," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिने सुई उचलली. माझा हात सवयीने पुढे गेला. तिने तो बाजूला केला आणि काकूंना हाक मारली, "एवढी ओवून द्या हो. मला दिसत नाही." सगळ्यांदेखत, साध्या आवाजात, पाणी मागावं तसं.

आता कुणी धरलेलं नाही, तरी मी याच कोपऱ्यात बसून तुला लिहितेय. पेटी खाटेवर काढून ठेवलीय. तिच्यात अजून एक रुमालसुद्धा गेलेला नाही.

पंचवीस तारखेला मला घ्यायला सकाळच्या गाडीवर ये. मी उतरले नाही, तर चार दिवसांत माझं पत्र येईल. त्यात कारण असेल, अगदी पटण्यासारखं असेल. ते खरं मानू नकोस.

तुझी,
अजून स्टुलावरच बसलेली,
छोटी