तिसऱ्यांदा नापास झालेली तुझी गाडी

नोंग सिम,
शनिवार, शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी

चि. थवी यास,

ताईचा आशीर्वाद. तुझ्या पायाचा अंगठा पुन्हा सुजला असं तुझ्या बायकोकडून, ओरथाईकडून कळलं. डॉक्टरांनी कोंबडी बंद केलेली असताना तू दुकानाच्या मागे उभं राहून भाजलेल्या तंगड्या खातोस, हेही तिच्याकडूनच कळलं. तेव्हा प्रकृतीची चौकशी करण्यासारखं काही उरलेलं नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. दात सगळे आहेत. आंबवलेल्या माशांची बरणी बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली होती, ती पोचली असेलच. बरणी रिकामी झाली की धुऊन परत पाठव. (तुझ्याकडे माझ्या चार बरण्या आहेत. मी विसरलेले नाही.) पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की फोनवर मुद्द्याचं बोलायला लागलं की तुला ऐकू येईनासं होतं. कागदावर तशी अडचण येत नाही.

मुद्दा तुझ्या मोटारसायकलचा आहे. दोन वर्षांपूर्वी तू ती माझ्या अंगणात लावलीस, टाकीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "ताई, हिला कधी काही होत नाही." हे वाक्य मी तेव्हा स्तुती म्हणून ऐकलं. आता कळतं की ते खरं होतं. तिला कधी काही होत नाही. चावी फिरवली तर होत नाही, किक मारली तरी होत नाही, उतारावर ढकलली तर तिच्या मनात असेल तेव्हा होतं. तरीही मी दोन वर्षं चालवली, कारण माणूस बाजारापर्यंत किती वेळा चालत जाणार, आणि भावाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत असं आईने शिकवलं आहे. (तुलाही तिने बरंच शिकवलं होतं. तू त्या दिवशी घरी नसावास.)

शाळेच्या समितीची अध्यक्ष मी आहे, हे तुला माहीत आहे. मागच्या सत्रात पहिलीतल्या एका मुलीचा पाय शाळेच्या पटांगणात मोटारसायकलच्या चाकाखाली आला. ब्रेक दाबला होता म्हणे. ब्रेक लागला नव्हता. हाड वाचलं, चप्पल गेली. मी त्याच आठवड्यात ठराव मांडला की ज्या गाडीकडे वार्षिक तपासणीत पास झाल्याचा कागद नाही, ती नव्या सत्रापासून शाळेच्या फाटकातून आत येणार नाही. मालकाने गाडी बाहेर लावावी आणि चालत यावं. पालक असो, शिक्षक असो, समितीचा सदस्य असो. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण तो दुसऱ्यांच्या गाड्यांविषयी आहे असं प्रत्येकाला वाटलं. मलाही वाटलं. मुखियाने रोज पहाटे सहा वाजता गावच्या भोंग्यावरून तो वाचून दाखवला, आणि प्रत्येक वेळी शेवटी न चुकता म्हणाला, "ही सूचना प्रयोंगबाईंची आहे, माझी नाही."

मग मी स्वतः तपासणीला गेले. केंद्र अनुसॉर्नचं आहे. तुला आठवत नसेल. चौथीत माझ्या वर्गात होता, भागाकाराला रडायचा. आता त्याच्याकडे पांढरा कोट आहे, आवाज मोजायचं यंत्र आहे आणि नळी घालून धूर मोजायचं दुसरं यंत्र आहे. पोराने हात जोडून नमस्कार केला, बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि मला नापास केलं. हॉर्न वाजत नाही. मागचा ब्रेक दाबला तर लाल दिवा लागत नाही, आणि सोडला तर लागतो. डावीकडचा आरसा नाही. साखळी इतकी सैल की त्याने ती बोटाने उचलून मला दाखवली, जशी मी त्याला शुद्धलेखनाची वही दाखवायचे. मागच्या टायरवर नक्षी नाही. "बाई, टायर फार गुळगुळीत झालाय," तो म्हणाला. मी म्हटलं, बेटा, मला दिसतं. तो म्हणाला, "आणि हँडल डावीकडे वळवलं की कट् असा आवाज येतो. हे सगळ्यांच्याच गाड्यांना असतं, बाई, तुमच्याच असं नाही." हे शेवटचं वाक्य मला जास्त लागलं. चाळीस वर्षं मी हेच वाक्य नापास मुलांच्या आयांना सांगत आले.

सगळं दुरुस्त केलं आणि दुसऱ्यांदा गेले. या वेळी दिवे, हॉर्न, ब्रेक, साखळी, टायर, सगळं पास. मग त्याने आवाजाचं यंत्र लावलं आणि मी गाडी सुरू केली. शेजारच्या घरातली बदकं तळ्यात गेली. थवी, सायलेन्सरच्या आतली जाळी तू काढलीस. खोटं बोलू नकोस, करवतीच्या खुणा आहेत. चोपन्न वर्षांचा माणूस, पायाला संधिवात, आणि गाडीचा आवाज दमदार हवा!

आता इथली एक रीत सांगते, जी मला सदुसष्टाव्या वर्षी कळली. आमच्या गावात कायद्यात बसणारा सायलेन्सर एकच आहे. तो भाताच्या गिरणीत खुंटीला टांगलेला असतो. ज्याची तपासणी असेल तो नेतो, लावतो, पास होतो, परत आणून टांगतो. आरशांची जोडीही तशीच, ती नूडलवाल्या बाईकडे असते. मी ते घ्यायला नकार दिला, तेव्हा लोकांना वाईट वाटलं. मी अनुसॉर्नला विचारलं की हे तुला माहीत आहे का. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, तो सायलेन्सर या महिन्यात अकरा वेळा पास झालाय. आता मी त्याची तब्येत विचारतो." मी नवा सायलेन्सर विकत घेतला. फसवून पास होणाऱ्यांना मी आयुष्यभर बाकावर उभं केलं आहे. गिरणीतल्या खुंटीला मी हात लावणार नाही.

तिसऱ्यांदा गेले ती काल, शुक्रवारी. आणि इथे मला माझाच दोष कबूल करावा लागतो. तो तुझ्या दोषापेक्षा लहान आहे, पण आहे. मागच्या दोन्ही वेळी अनुसॉर्नने इंजिनचा नंबर पाहिलाच नव्हता. तो तेल आणि चिखल यांच्या थराखाली होता, आणि थर दगडासारखा झाला होता. तो म्हणाला होता, "असू दे बाई, इतक्या वर्षांत कोणी बघितला नाही, मीही नाही बघत." मी म्हटलं, बघायलाच हवा. नियमात आहे ना? मग मी परवा गाडी घासली. रॉकेल, तारेचा काथ्या, दात घासायचा जुना ब्रश. शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांनाही हुकूम दिला की आपापली इंजिनं घासून मगच तपासणीला न्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काल अनुसॉर्न खाली वाकला, नंबर वाचला, तुझ्या गाडीचं नोंदणीपुस्तक वाचलं, पुन्हा नंबर वाचला, आणि पेन्सिलीचं टोक चावू लागला. चौथीत उत्तर चुकलं की तो अशीच पेन्सिल चावायचा. फरक एवढाच की आता चूक माझी होती. पुस्तकातला नंबर वेगळा. इंजिनवरचा वेगळा.

माझ्यामागे रांगेत सगुआन उभा होता. आपल्या शाळेचा फाटकवाला, तुझा लहानपणापासूनचा जिवलग, ज्याच्यावर सोमवारी माझा नियम अमलात आणायची जबाबदारी आहे. त्यानेही हुकमाप्रमाणे इंजिन चकाचक घासलं होतं. त्याचाही नंबर जुळेना. अनुसॉर्नने दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, चष्मा लावला, चष्मा काढला, आणि म्हणाला, "बाई, तुमचं इंजिन यांच्या गाडीत आहे. यांचं तुमच्यात." रांगेत अठरा माणसं होती. मी सगुआनकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात लिहिते, म्हणजे तुला कुठे सुधारणा करायची असेल तर करता येईल. बावीस वर्षांपूर्वी तुला ओरथाईला मागणी घालायला तिच्या गावी जायचं होतं. तुझं इंजिन निळा धूर सोडत होतं, आणि धूर सोडत आलेल्या जावयाला तिचे वडील दारात उभं करणार नाहीत अशी तुला भीती होती. म्हणून तू सगुआनचं चांगलं इंजिन दोन दिवसांसाठी मागून घेतलंस आणि तुझं धुरकट इंजिन त्याच्या गाडीत बसवलंस. मागणी मान्य झाली. लग्न झालं. मुलगी झाली. ते दोन दिवस अजून संपले नाहीत. मी सगुआनला म्हटलं, बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलास? तो म्हणाला, "बाई, मागायला जायचो तेव्हा थवीदादा जेवायला बसवायचा. जेवल्यावर कसं मागायचं?"

मी तिथल्या तिथे निर्णय दिला की आजच मिस्त्रीकडे जाऊन दोन्ही इंजिनं आपापल्या गाडीत परत बसवायची. अर्ध्या दिवसाचं काम. आयुष्यात सगुआनने मला पहिल्यांदा नाही म्हटलं. "बाई, ते धुरकट इंजिन मी तीनदा खोललं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले, दर पावसाळ्यात पोत्याखाली झाकलं. बावीस वर्षांत रस्त्यात एकदाही बंद पडलेलं नाही. आणि माझं चांगलं इंजिन तुमच्या भावाने काय करून ठेवलंय ते तुम्हालाच माहीत. आता ते मला परत देता होय?" मी गाडीचं पुस्तक उचलून पिशवीत घातलं. रांगेतली अठराही माणसं हसली.

तेव्हा मी इतकंच सांगते की जे झालं ते झालं, मी रागावलेली नाही, त्या वयात माणसाच्या हातून असं होतं. अंगठ्याला गरम पाण्याचा शेक घे. ओरथाईला आणि मुलीला आशीर्वाद.

तुझी ताई,
प्रयोंग

ता. क. मी रागावलेली आहे. कागद नीट वाचल्यावर लक्षात आलं की गाडी अजूनही तुझ्याच नावावर आहे. इंजिनांची अदलाबदल वाहतूक कार्यालयात रीतसर नोंदवली तर इंजिनं आहेत तिथे ठेवून दोन्ही गाड्या पास होतील, असं अनुसॉर्न म्हणतो. त्याला सगुआनची सही लागते, ती मी घेतली आहे, आणि तुझी लागते. हे पत्र मिळताच ओळखपत्र घेऊन पहिल्या बसने ये. "दुकान कोण बघेल" हे कारण चालणार नाही. दुकान ओरथाईच बघते, तू मागे कोंबडी खातोस.

ता. क. (रविवार) टपाल काल दुपारीच बंद झालं, म्हणून पत्र इथेच आहे. सकाळी सगुआन केळी घेऊन आला होता. म्हणाला, "बाई, फाटकावर मीच असतो. उद्या तुम्ही गाडीवर या, मी त्या वेळी दुसरीकडे बघेन. तुमचं हसं झालं तर नियमाचंही होईल." चांगल्या मनाने बोलला. मी त्याला अर्धा तास उभं करून नियम म्हणजे काय हे समजावून सांगितलं, आणि केळी ठेवून घेतली. आता रात्र झाली आहे, आणि झोप मात्र लागत नाही. एवढ्या लोकांसमोर चालत जायचं, आणि प्रत्येकाने विचारायचं की बाई, गाडी कुठे?

ता. क. (सोमवार, टपाल कचेरीतून) चालत गेले. फाटकाच्या अलीकडे चिंचेच्या झाडापासून कालव्यापर्यंत गाड्यांची रांग होती. मी मोजल्या नाहीत, पण साठाच्या खाली नसतील. पास झालेल्या गाड्यांचे मालकही त्यात होते. त्यांना भीती की सायलेन्सर गिरणीत परत गेलाय हे सगुआन आवाजावरून ओळखेल. सगुआनने स्वतःची गाडी सगळ्यात आधी बाहेर लावली होती. मला पाहून तो ताठ उभा राहिला आणि सर्वांदेखत मोठ्याने म्हणाला, "कागद?" मी म्हटलं, नाही. "मग चालत, बाई." आणि मी आत गेले. कोणीही काही विचारलं नाही, कारण ज्याने विचारावं तोही चालतच होता. राष्ट्रगीताच्या वेळी पटांगणात एकही चाक नव्हतं. ती चपलेवाली मुलगी पार मधोमध उभी होती आणि तिची आई तिला बाजूला ओढत नव्हती.

तेव्हा सहीची घाई करू नकोस. महिनाभर आला नाहीस तरी चालेल. तुझी सही आली की माझी गाडी पास होईल, मग आणखी चार जणांची होईल, आणि मग पटांगण पुन्हा पहिल्यासारखं. फक्त हे सगुआनला कळवू नकोस. बाई सहीसाठी खोळंबून चिडल्यात या समजुतीत तो आहे, आणि त्या धास्तीने आज त्याने फाटक वेळेवर उघडलं.