खिंडीतले धोंडे

डिंगोरे, रविवार, १६ नोव्हेंबर

तो शब्द माझ्याच हातून लिहिला गेला, याची लाज अजून जात नाही. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून खिंडीत लावायच्या फलकाचा मजकूर ग्रामपंचायतीने माझ्यावर सोपवला. आज तो थोरल्या चुलत्यांना, आप्पांना, खिंडीतच वाचून दाखवला. आप्पा अजून मेंढरं राखतात. चढताना सवयीने ओढ्यातला गोल धोंडा घेऊन आले होते. मी रिकाम्या हाताने.

“येथे दरोडेखोरांचा तळ होता,” मी वाचलं.

“ह्ये कुनी सांगितलं?”

“इंग्रजांच्या जुन्या कागदांत आहे.”

“मंग लाव त्यांच्याच दारात! वर डोंगरातलं कोळी गोफणीनं गोऱ्यांच्या पलटणीशी लढत व्हते. धोंडं संपाया आलं, तवा आपल्या बायकांनी पदरात भरून हितं आणून दिलं. दरोडेखोराला कुनी धोंडं पुरवतं का गं?”

शेजारीच धोंड्यांचा ढीग आहे. खिंड चढणारा प्रत्येक जण अजून त्यावर एक धोंडा टाकतो. मीही लहानपणापासून टाकत आलेय. आणि लिहायला बसले तेव्हा मला ढीग नाही, साहेबाचा कागद आठवला. का?

चिडूनच विचारलं, “पलटण कधीच गेली, आप्पा. आता कशाला टाकायचे?”

“आन् परत आली तर?”

कागद तिथेच फाडला. आत्ता नवा मजकूर लिहिलाय. कुणाला खटकला तर खटको, एक अक्षर बदलणार नाही:

‘येथे आमची माणसं लढली. वर येताना एक धोंडा घेऊन या.’