सात नंबरचं मशीन

३ मार्च

सात नंबर जिवंत आहे! नाणं टाकून वापरायच्या कॉम्प्युटरचं आमचं दुकान बंद केल्यापासून सगळी मशीनं मागच्या खोलीत एकावर एक रचलेली. धूळ, मुंग्या, एकात तर पालीची अंडी. दिवसभर उघडत बसलो. तीनचा रॅम, अकराचा पंखा, दोन-तीन मशीनमधल्या हार्ड डिस्क आणि सातचा मदरबोर्ड. बटण दाबलं — बीप! एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

एस्तेर धावत दारात आली. टाळी म्हणजे आता तिची हाक ना, तिला वाटलं मीच तिला बोलावतोय. "काही नाही गं, मशीन चालू झालं," म्हटलं. ती आली तशी परत गेली.

५ मार्च

ठरलं. घरातच सर्व्हर बसवायचा. एकच डबा, कायम चालू, आणि त्यात एस्तेरचा सगळा आवाज. जुन्या फोनमधला, मेमरी कार्डांमधला, दुकानाच्या कॅमेऱ्यातला. कुठल्याही फोनवर लावा आणि ऐका. कुवेतमध्ये आमच्या पोरीला, जोवीलासुद्धा ऐकता येईल.

डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता गळ्याला भोक, त्यावर ओलं फडकं, आणि हातात लहान मुलांची ती पुसायची पाटी. जीव वाचला, देवाची कृपा, असं सगळे म्हणतात. आहेच कृपा. पण मला माझी ती बायको हवीय, जी गल्ल्याच्या मागून ओरडायची, "ए सात नंबर! नाणं टाक, नाहीतर ऊठ!" अख्ख्या मोलो वस्तीला ऐकू जायचं. या मुक्या घरात मला वेड लागेल.

८ मार्च

उभं राहिलं! दिवसभर चाचणी घेतली, गरम होत नाही. सगळं जागच्या जागी बसवलं, कुलूप लावलं, हात पुसले.

दुकानाचं खोकं आवरताना एस्तेरने लिहिलेला फलक सापडला — "इथे काही ठेवू नका. मशीन रोज सकाळी सगळं विसरतं." हसू आलं. पोरं दिवसभर मशीनमध्ये नको ते भरायची, म्हणून प्रत्येक मशीनला ते कुलपाचं सॉफ्टवेअर. बंद करून चालू केलं की मशीन पुन्हा कोरं करकरीत. एखादं पोर रडत यायचं, "आंटी, माझा गृहपाठ होता त्यात!" मग एस्तेर — "भिंतीवरचं वाचता येत नाही का रे, घोड्या?" आणि मागाहून त्याला बिस्किट द्यायची.

११ मार्च

कॉपी चालू आहे. कानाला हेडफोन लावून सगळं ऐकतोय. जोवीच्या वाढदिवसाला तिने माइक हातात घेतला होता — सूर कुठल्या कुठे, पण काय दणका! शेवटी स्वतःच हसत सुटते. ते हसणं मी पुन्हा पुन्हा लावलं. रडलो.

मध्येच एस्तेर आली. पडद्याच्या कोपऱ्याकडे बघून पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. "थांब जरा, कॉपी चाललीय," म्हणून मी हात हलवला. तिने पुसून टाकलं.

१५ मार्च

संपलं! सगळं सात नंबरमध्ये. मेमरी कार्डं हातोडीने फोडली, जुने फोन आणि डिस्क भंगाराच्या गाडीवर दिल्या. पण आधी सगळं पुसून. तिचा आवाज कुणा परक्याच्या हाती लागायला नको. तो माझा आहे.

१८ मार्च

जोवीला ऐकवलं. तिकडे रडली पोर. मग म्हणाली, "पप्पा, मम्मा कुठंय? तिला द्या ना जरा." मी म्हटलं, झोपलीय. झोपली नव्हती. बाहेर मुगाच्या शेंगा सोलत होती. पण मला ते गाणं मध्येच तोडवेना.

२१ मार्च

आज उगाच तमाशा झाला. एस्तेरच्या गळ्याच्या भोकात कफ अडकला. ती म्हणे स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवत होती, ताटही आपटलं. माझ्या कानाला हेडफोन! शेजारची मानांग पेर्ला, सगळ्या गल्लीची थोरली ताई, धावत आली, तिनेच भोकातली नळी साफ केली. मग माझ्यावर तोंड सोडलं — "कान फुटले का तुझे, आर्सिंग? बायको निळी पडली होती इथं!"

मी काय मजा मारत होतो का? तिचाच आवाज ऐकत होतो ना!



२३ मार्च

दुपारी गाणं चालू असतानाच वीज गेली. थोड्या वेळाने आली. मशीन चालू केलं.

रिकामं.

कुलूप. मीच लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह रोज दिसत होतं. सगळं भरायच्या आधी — कारण इतकी वर्षं मशीन तयार झालं की हात आपोआप कुलपाकडेच जातो! पंधरा दिवस मशीन एकदाही बंद केलं नाही, म्हणून कळलं नाही. सर्व्हर बंद करायचाच नसतो ना. हुशार मी! बॅकअप नाही. कार्डं नाहीत. फोन नाहीत. काही नाही.

२४ मार्च

जेवलो नाही.

२६ मार्च

बॉयेतकडे डिस्क घेऊन गेलो. पूर्वी माझ्याच दुकानात मशीनं दुरुस्त करायचा, मला थोरल्या भावासारखं मानोंग म्हणायचा, आता स्वतःचं दुकान आहे. त्याला खरंच वाटेना — "मानोंग, तुम्ही? कुलूप लावायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत की!" मग माझं तोंड बघून डिस्क जोडायला घेतली. संध्याकाळी जे निघालं ते ऐकवलं. एक मोटरसायकल. भांड्यांचा आवाज. कुणीतरी खोकतंय — ती का मी, तेही कळत नाही. "बाकी गेलं, मानोंग," म्हणाला. "आशा ठेवू नका."

भंगारवाल्यालाही गाठलं. त्याचा माल केव्हाच पुढे गेलाय.

२९ मार्च

तिला सांगितलेलं नाही. कसं सांगू? डॉक्टरांनी एकदा नेला आवाज. उरलेला मी माझ्या हातांनी घालवला. भाताची पेज गाळून तिच्यापुढे ठेवतो आणि मान खाली घालतो. तिच्या तोंडाकडे बघवत नाही. ओठ हलतात आणि काही येत नाही. ती टाळी वाजवते, मी जातो, काय हवं ते देतो, परत येतो. मागच्या खोलीत बंद मशीनसमोर बसतो. कशासाठी बसतो, माहीत नाही. उठावंसंच वाटत नाही.

२ एप्रिल

मानांग पेर्लाकडे बर्फ आणायला गेलो. बोलायचं म्हणून बोललो — त्या दिवशी वीज गेली तेव्हा तुमचा बर्फ वितळला असेल. ती हसायलाच लागली. "कुठली वीज नि कुठलं काय! गेली असती तर मी गल्ली डोक्यावर घेतली नसती का? त्या दिवशी शाळेच्या कार्यक्रमाला दिवसभर बर्फ पुरवलाय मी. तुझ्याच घरात काहीतरी झालं असेल."

आमचा मेन स्विच स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर. त्याच्याखाली एस्तेरची खुर्ची.

आणि कुलपाचं तिला माझ्याइतकंच माहीत.

३ एप्रिल

विचारलं. तिने नाही म्हटलं नाही. पाटीवर लिहिलं, "कुलपाचं आधी सांगायला आले होते. तू पाहिलं नाहीस." पुसलं.

मी ओरडलो. काय काय बोललो, ते इथे लिहिणार नाही. मग जमिनीकडे बघत बसलो. मी समोर होतो तरी तिने टाळी वाजवली. वर पाहिलं. पाटी माझ्यासमोर धरली होती —

"त्या आवाजातली बाई मेली, आर्सिंग. टाळ्या मी वाजवतेय."