तू चोळलं नाहीस ते पोट

माय, उद्या सकाळी माझ्या ऑपरेशनच्या टेबलावर येणारा माणूस आपल्या हट्टा गावचा आहे. ज्यांचं पोट चोळायला तू नकार दिलास, त्या शेजारच्या म्हातारबांचा थोरला. बापासारखीच त्याच्याही पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून मोसंबीएवढी झालीय. मांडीच्या नसेतून तारेवर कापडी नळी चढवायची आणि आतून बसवायची, की फुग्यावरचा ताण जातो. पण नळीनं जिथं घट्ट धरायचं, ती फुग्याच्या वरच्या अंगाची जागा बोटाच्या पेराहून आखूड आणि शिवाय वाकडी. पोट उघडावं तर त्याचं हृदय टिकणार नाही. स्कॅनचे फोटो कितीदा पाहिले, वाकडं ते वाकडंच.

तू जाऊन दहा वर्षं झाली, तरी तुझं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं चुलीजवळ उताणी झोपलीत. तू अंगठ्यानं ठोका शोधतेस, बेंबी सरकली असली तर तिच्यावर दिवा ठेवून तांब्या पालथा घालतेस. मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीवर आलेली, शहाणपण उतू चाललेलं. म्हातारबांच्या पोटावर तू बोटं टेकवलीस आणि लगेच उचललीस. "ही बेंबी न्हाई. मी चोळत न्हाई. नांदेडला न्या." मी पुढे होऊन दाबून पाहिलं आणि ऐटीत सांगितलं, काही नाही, गॅस आहे. ते हसत घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी वारले.

हिनं चोळलं म्हणून पोट फुटलं, असं गाव म्हणालं. मी गप्प राहिले, तूही माझं नाव घेतलं नाहीस. चुलीजवळ पुन्हा कुणी आलं नाही. मी कॉलेजला निघाले तेव्हा तांब्या माझ्या पिशवीत घातलास. "मला आता काहून लागतो?" एवढंच म्हणालीस.

आज दुपारी त्याला सगळे धोके सांगितले. नळी सरकेल, बाजूनं रक्त गळेल, किडनीची नस झाकली जाईल. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुमच्या मायच्या हातानं आमचा बाप गेला. पण आमी मनात धरलं न्हाई. तुमच्यावर भरवसा हाय, डॉक्टरबाई."

ऑपरेशनच्या तोंडावर माणसाचा भरवसा मोडू नये, असं मी स्वतःला समजावलं आणि मान डोलावली. उद्या नळीनं धरलं, तर तो शुद्धीवर आल्यावर खरं सांगेन म्हणते. पण नाही धरलं तर सांगावं लागणार नाही, हेही एकदा माझ्या मनात येऊन गेलं, माय.